काठ जुळले तरी

फळ्यावर चौकोन काढून झाला आणि त्याच क्षणी त्याला कळलं, की आपल्याला तो कळत नाही.

चार कोपरे, चार बाण. दोन बाण डावीकडून उजवीकडे जाणारे, दोन वरून खाली येणारे. हा चौकोन तो इतकी वर्षं काढत आला होता, की आता हातच तो काढायचा आणि डोकं तेवढ्यात पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करायचं. वर्गातून कुणीतरी विचारलं, की सर, वरून जाऊन खाली उतरा नाहीतर आधी खाली उतरून मग जा, दोन्ही वाटांनी एकाच कोपऱ्यात पोचणार हे उघडच आहे, मग त्याला वेगळं गृहीतक कशाला करायचं? प्रश्न नेहमीचाच होता. दरवर्षी कुणीतरी तो विचारायचं, आणि खरं तर तो त्याची वाटच बघत असायचा. त्याचं उत्तर देताना त्याला जे शिकवणं चढायचं ते पुढे तासभर उतरायचं नाही. आज तो त्या उत्तराकडे वळला आणि पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं त्याला तिथं नुसतं मऊ, पोकळ काहीतरी लागलं. शब्द होते. शब्द सगळे होते. पुस्तकातली व्याख्या त्यानं घडाघडा म्हणून दाखवली, वर्गानं माना खाली घालून ती उतरून घेतली, विचारणाऱ्यानंही घेतली. मग तास संपला. कुणाच्याही काही लक्षात आलं नव्हतं, आणि जिन्यावरून उतरताना त्याला भीती वाटली ती याचीच.

आजारपणातून उठल्यावरचा त्याचा तो पहिलाच आठवडा होता. दोन महिन्यांपूर्वी तो चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला बसला असताना समोरच्या तक्त्यावरची डावीकडची अक्षरं एकाएकी घसरून गेली होती. चष्मेवाला एकामागून एक भिंगं बदलत होता आणि तो हट्टानं सांगत होता, की तुमचा तक्ताच अर्धा पुसला गेलाय, आधी तो बदला. दुकानात दोघांचं चांगलंच वाजलं. मग त्याचा डावा हात मांडीवरून घसरला आणि तो परक्याच्या हातासारखा खाली लोंबकळताना त्यानं पाहिला. मेंदूत एक बारीकशी गुठळी. वेळेवर आणलंत म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर वयानं लहान होते, बोलताना पेनचं टोपण उघडझाप करायचे. त्यांनी त्याला घड्याळ काढायला लावलं, काही शब्द लक्षात ठेवायला लावले, उलटे आकडे म्हणायला लावले. तो सगळ्यात पास झाला. डाव्या हाताची बोटं तेवढी जरा बधिर राहिली, त्यासाठी दाबायला एक रबरी कडं मिळालं. "सगळं जागच्या जागी आहे," डॉक्टर म्हणाले. बायको तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून थोडी रडली आणि मग तोंड धुऊन येऊन त्याला म्हणाली, की घरी गेल्यावर आधी ते खुर्चीवरचे कागद आवरायचे. ती शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली होती. संकट टळलं की आवराआवर करायची, हा तिचा स्वभावच होता.

सगळं जागच्या जागी. घरी आल्यावर त्यानं सगळं तपासून पाहिलं होतं. माणसांची नावं आठवत होती, फोन नंबर आठवत होते, लहानपणीच्या गल्लीतला कोपऱ्यावरचा नळ आणि त्याची गळणारी तोटी आठवत होती. चहात साखर किती लागते ते जिभेला आठवत होतं. तो तोच होता, याबद्दल घरीदारी कुणाला शंका नव्हती. फक्त बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही भांडत नाही हो आता." त्यानं विचारलं, मग वाईट आहे का ते? ती म्हणाली, वाईट कशाला, बरंच आहे, आपलं सांगितलं. आणि पुन्हा खाली बघून शेंगा मोडायला लागली.

वर्गातल्या त्या दिवसानंतर तो कुणाकडेच काही बोलला नाही. कसं बोलणार? घसा बसला तर सांगता येतं, गुडघा धरला तर सांगता येतं. कळणं गेलं हे कुणाला सांगायचं, आणि ज्याला सांगायचं त्याला तरी ते कसं दाखवायचं? विभागप्रमुखाला सांगता आलं असतं. दोघं वसतिगृहात एका खोलीत राहिले होते, एकमेकांचे सदरे घालून परीक्षेला गेले होते. पण विभागप्रमुख आता प्रत्येक गोष्टीची थट्टा करायचा, ते त्याच्या खुर्चीचं तेलपाणीच होतं. तो नुकताच म्हणाला होता, "तुझं डोकं म्हणजे जुनं शिवणयंत्र आहे. एकदा दोरा तुटला म्हणून यंत्र मोडीत निघत नाही." सगळे हसले होते. तोही हसला होता.

आणि भिंगरी वाट बघत होती. भिंगरी हे नाव विभागप्रमुखानंच ठेवलेलं, कारण ही मुलगी एका जागी उभी राहून कधी गणित करायची नाही, खोलीभर फिरत करायची. ती त्याच्याकडे पीएचडी करत होती आणि त्याच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत सगळ्यात तल्लख होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तिनं इस्पितळात त्याच्या उशाशी आणून ठेवलं होतं, फळं आणावीत तसं. दूरच्या एका विद्यापीठात तिला नोकरी मिळत होती, पदवी वेळेत हातात पडली तर. घरी अंथरुणाला खिळलेले वडील आणि सगळ्या घराचे डोळे तिच्याकडे लागलेले. ती घाई करत नव्हती, पण रोज दारात डोकावून जात होती. तो म्हणायचा, वाचतोय. आणि खरंच वाचत होता. तिच्या प्रत्येक ओळीतला प्रत्येक शब्द त्याला समजत होता, आणि पान उलटलं की हातात काही उरत नव्हतं. सगळं प्रकरण एका चौकोनावर उभं होतं. तोच चौकोन.

बायको म्हणाली, हुशार पोर आहे, तुम्हीच सांगता. मग द्या की सही करून. त्यात काय एवढं. त्यालाही तसं वाटून गेलं. सही करायला कळावं लागत नाही. त्याच्या डाव्या हाताची बोटं बधिर होती, सही उजव्या हातानं होत होती. पण त्यानं केली नाही. प्रामाणिकपणामुळे केली नाही असं त्यानं स्वतःला कधी सांगितलं नाही. भीतीनं केली नाही. एकदा न कळता सही केली की मग न कळणं कायमचं राहायला येईल, भाडेकरूसारखं, आणि मग ते निघायचं नाव घेणार नाही.

म्हणून तो पहिल्यापासून शिकायला बसला. सकाळी, बायको बाजारात गेली की, खोलीचं दार लावून. स्वतःच पूर्वी शिकवताना काढलेली टिपणं त्यानं समोर घेतली आणि एखाद्या ढ मुलासारखं बोट ठेवून वाचायला लागला. आकारांना काठ असतो. विजारीला कमरेचा एक काठ आणि पायांचे दोन. वरच्या काठानं आत शिरा, खालच्या काठांनी बाहेर पडा, आणि मधलं कापड म्हणजे प्रवास. त्याच्या विषयातला सिद्धांत एवढंच करतो, की प्रत्येक काठाला एक गणिती अवकाश देतो आणि मधल्या प्रत्येक अंगाला एक रूपांतर, जे शिरण्याच्या काठाचं अवकाश घेतं आणि निघण्याच्या काठाच्या अवकाशात नेऊन सोडतं. दोन अंगं काठाला काठ लावून चिकटवली तर दोन रूपांतरं एकापुढे एक लागतात. जिथं मध्ये काहीच घडत नाही, सरळ नळी, तिथं रूपांतरही काही करत नाही. इथवर तो रोज पोचायचा. मग नैसर्गिकता यायची. एक आकार न फाडता, न चिकटवता दुसऱ्या आकारात बदलला, तर आधी शिरण्याचा काठ बदलून मग नव्या आकारातून जा, नाहीतर जुन्या आकारातून जाऊन मग निघण्याचा काठ बदला, उत्तर एकच, हाच फळ्यावरचा चौकोन. बायकोनं लग्नाच्या पहिल्या वर्षी या शब्दाचा अर्थ विचारला होता आणि ऐकून म्हणाली होती, यात नैसर्गिक काय आहे, आमच्या घरात तर आधी जेवून मग अंघोळ केली तर वेगळाच प्रसंग ओढवतो. तो तेव्हा पोट धरून हसला होता. आता त्याला तो विनोद चौकोनापेक्षा जास्त कळत होता. तो चौकोनाकडे बघत बसायचा. शब्द, बाण, शब्द. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर करायचं, तो आवाज डोक्यातून आरपार जायचा. मग बायकोची किल्ली दारात वाजायची आणि तो टिपणांवर दुसराच कागद ओढायचा, कॉपी करताना पकडल्या गेलेल्या पोरासारखा. म्हातारपणी हे नशिबी यावं, असं त्याला वाटायचं. आणि मग वाटायचं, म्हातारपण तरी कुठं आलंय अजून.

वर्गात तो नैसर्गिकता सांगताना नेहमी आईचं उदाहरण द्यायचा. आई घरीच कपडे शिवायची आणि घरीच रंगवायची. तो म्हणायचा, कापड आधी रंगवून मग विजार शिवा की आधी शिवून मग रंगवा, विजार तीच. वर्ग हसायचा, उदाहरण लक्षात राहायचं. त्या सकाळी, रबरी कडं डाव्या हातात दाबत, तो ते उदाहरण उगाच मनात घोळवत होता, दुखरा दात चाळवावा तसं, आणि त्याला थोरल्या भावाची ती गडद निळी विजार आठवली. भावाला आखूड झाली म्हणून त्याच्याकडे आली होती. विटली होती, म्हणून आईनं ती त्याच्या मापानं खालून दुमडून शिवली आणि मग पातेल्यात उकळून पुन्हा निळी केली होती. वर्षभरात तो वाढला आणि आईनं खालची दुमड उसवली. दुमडीच्या आत रंग पोचलाच नव्हता. पायाशी चार बोटं विटकी, पांढुरकी पट्टी निघाली. आई म्हणाली, चालतंय, कोण बघतंय तुझ्या पायाकडे. शाळेत सगळ्यांनी बघितलं. तो दिवसभर बाकाखाली पाय मुडपून बसला होता, पोटऱ्यांना गोळे येईपर्यंत. ते आठवून आत्ताही त्याची पावलं खुर्चीखाली ओढली गेली. आणि कड्यावरची त्याची बोटं दाबायची थांबली. विजार तीच नव्हती. बाहेरून तीच होती, काठ तेच होते, आत रंग गेला नव्हता. सगळी वर्षं तो वर्गाला खोटं उदाहरण देत होता. दोन वाटा एका ठिकाणी पोचतात त्या उगाच पोचत नाहीत. बदल काठावर झाला एवढं पुरत नाही. तो बदल आतल्या सगळ्या अंगातून पार जावा लागतो, तेव्हाच चौकोन मिटतो. म्हणून ते गृहीतक. त्यानं हातातल्या कड्याकडे पाहिलं. भरीव कडं. त्याच्या पृष्ठभागावर दोन तऱ्हेची वेटोळी काढता येतात, एक जाडीभोवती, एक मधल्या भोकाभोवती. पृष्ठभागापुरतं बोलायचं तर दोघांची अदलाबदल करा, पृष्ठभागाची काही तक्रार नाही. पण जाडीभोवतीचं वेटोळं आतल्या रबरातून आवळत आवळत ठिपका होऊ शकतं, भोकाभोवतीचं होऊ शकत नाही. आतल्याला ही अदलाबदल मान्यच नाही. काठ जुळले तरी आतलं जुळत नाही. त्याला हे दिसलं. शब्दांत नाही, डोळ्यांना दिसावं तसं, चष्मा लावल्यावर समोरची पाटी दिसावी तसं. तो उठून उभा राहिला. त्याला मोठ्यानं काहीतरी म्हणायचं होतं, खिडकी उघडून त्या शटरवाल्याला सांगायचं होतं. आजारपणानंतर पहिल्यांदा तो स्वतःच्या घरात होता.

तो आनंद त्याला फार वेळ मिळाला नाही. भिंगरीचं प्रकरण समोरच पडलं होतं. ती एका आकारातून एक भरीव कडं कापून काढत होती, पृष्ठभागावरची वेटोळी अदलाबदल करून ते परत बसवत होती, आणि नैसर्गिकतेनं उत्तर बदलत नाही असं म्हणून पुढं जात होती. तिनं काठ जुळवले होते. आत तिनं पाहिलंच नव्हतं. तिच्या हातात राहिलेला आकार आता वेगळाच होता. त्यानं पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं, आपलं चुकत असावं म्हणून वाचलं. जे डोळे परत आल्याबद्दल तो आत्ता नाचणार होता, त्यांनीच हे दाखवलं होतं.

त्यानं तिला कचेरीत बोलावून सांगितलं. ती आधी खोलीत फिरत ऐकत होती, मग थांबली. त्यानं कडं पुढे केलं, वेटोळी बोटानं काढून दाखवली. डाव्या हाताचं बोट मध्येच भलतीकडे गेलं आणि त्याला ते पुन्हा काढावं लागलं. ती त्या बोटाकडे बघत होती.

"सर," ती हळूच म्हणाली, "ही पायरी तुमचीच आहे. दोन वर्षांपूर्वी या फळ्यावर तुम्हीच म्हणाला होता, हे उघड आहे, पुढं चल."

त्याला ते आठवलं. म्हणाला असेल. म्हणालाच होता.

"तेव्हा माझं चुकलं," तो म्हणाला.

"की आता चुकतंय?" असं विचारून ती स्वतःच घाबरली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, की सर, मी तुमचा शब्द कधी खाली पडू दिला नाही, पण मी कुठल्या सरांचं ऐकू? तिनं कागद गोळा केले, नीट, कडा जुळवून, आणि ती गेली.

ती विभागप्रमुखाकडे गेली यात तिची चूक नव्हती. कुणीही तेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख आला, चक्क थट्टा न करता बसला आणि म्हणाला, की तू विश्रांती घे, पोरीचं पुढचं मी बघतो, माझी सही चालते. त्यानं पुन्हा कडं काढलं. विभागप्रमुखानं ते त्याच्या हातातून प्रेमानं काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. "अरे, मी हे वाचलंय," तो म्हणाला. "बाहेरच्या परीक्षकानंही कच्चा मसुदा वाचलाय. सगळ्यांना बरोबर वाटतंय आणि एकट्या तुला चूक. आता तूच सांग, आम्ही काय समजायचं?" आवाजात इतकी माया होती, की त्याला ओरडताही आलं नाही. मग घरी आल्यावर त्यानं बायकोवर आवाज चढवला, क्षुल्लक कशावरून तरी, झाकण नीट लागलं नव्हतं म्हणून. ती त्याच्याकडे बघत राहिली. भांडत नाही म्हणून ज्या बाईला चुकल्यासारखं वाटत होतं, तीच दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथं त्यानं सगळं मुद्देसूद सांगितलं, काठ, आतलं अंग, चौकोन. डॉक्टर टोपण उघडझाप करत ऐकत होते. मग त्याला बाहेर बसवून ते बायकोशी बोलले. येताना रस्त्यात त्यानं विचारलं, काय म्हणाले. ती म्हणाली, कधी कधी माणूस एकाच गोष्टीला धरून बसतो म्हणे, होतं असं, उतरतं हळूहळू.

उतरलं नाही. पण त्याला आता धास्ती बसली. रोज सकाळी जागा झाला की डोळे उघडायच्या आधी तो आत चाचपून बघायचा, आहे का. चौकोन आहे का, तो मिटतो का, का मिटतो. असायचं. पण एखाद्या दिवशी ते इतकं लख्ख असायचं, की त्या लख्खपणाचाच संशय यायचा. वेड्यांना सगळं लख्खच दिसतं. चष्म्याच्या दुकानातही तो किती खात्रीनं भांडला होता. तेव्हा तक्ता धडधडीत अर्धा होता. त्याला कागदावर सिद्ध करता येत होतं, पायरीनं पायरी, आणि ती सिद्धता तपासणारं डोकं एकच होतं, तेच, गुठळीवालं. दुसरं डोकं त्याला कुणी द्यायला तयार नव्हतं. त्यानं ती सिद्धता विभागातल्या दोघातिघांना पाठवली. सगळ्यांनी तब्येतीला जपा म्हणून कळवलं. भिंगरीची तोंडी परीक्षा झाली, टाळ्या झाल्या. तो गेला नाही. बायकोनं जाऊ नका असं म्हटलं नव्हतं, फक्त त्याच्या बाहेरच्या चपला तिनं त्या दिवशी धुवायला काढल्या होत्या. पुढच्या सत्रात त्याच्या नावावर एकही तास नव्हता. वाचनालयात त्याची खुर्ची तशीच ठेवली होती आणि तो आत आला की लोक आपापसातलं बोलणं जरा सोपं करायचे.

वर्ष उलटलं असेल. एका दुपारी दार वाजलं, दारात भिंगरी. बायकोला भरून आलं. किती बारीक झालीस, तिकडे खातेस की नाही, वडील कसे आहेत, असं सगळं एकदम विचारून ती चहा टाकायला आत गेली. भिंगरी त्याच्या समोर बसली. ती फिरत नव्हती, हे त्याच्या आधी लक्षात आलं. दोन्ही हात तिनं मांडीवर ठेवले होते. मग स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज व्हायला लागला तसं ती खालच्या आवाजात म्हणाली, "सर, तुमचं बरोबर होतं."

त्यानं काही ऐकलंच नाही असं वाटून तिनं पुन्हा सांगितलं. तिकडे व्याख्यानाची तयारी करताना तिनं सगळ्यात साधं उदाहरण हातानं करून पाहिलं होतं. दोन वाटांनी दोन वेगळी उत्तरं आली. रात्रंदिवस तपासलं. दोनच. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्या प्रकरणावर तिची नोकरी उभी आहे, नोकरीवर वडिलांची औषधं, धाकट्याचं शिक्षण. तिनं मान वर केली नाही. "मी सांगणार नाहीये, सर," ती म्हणाली. "आत्ता तरी नाही. तुम्ही सांगितलंत तर सांगा. मी अडवू शकत नाही."

दोघांनाही माहीत होतं, की त्यानं सांगितलं तर काय होईल. काही होणार नाही. तब्येतीला जपा म्हणून चार निरोप येतील. तिला आल्याशिवाय राहवलं नाही, पण ती हेही माहीत असूनच आली होती.

त्याला राग यायला हवा होता. त्यानं रागाची वाट पाहिली. विभाग, टाळ्या, धुवायला काढलेल्या चपला, सगळं त्यानं एकेक करून आठवून पाहिलं, पण आतून वर आलं ते दुसरंच काही, उबदार, लाजिरवाणं. त्यानं शेजारचा कागद आणि पेन तिच्याकडे सरकवलं. "करून दाखव," तो म्हणाला. तिला कळलं नाही. "ते उदाहरण. माझ्यासमोर कर. पहिल्यापासून." त्याचा आवाज त्याला ओळखू आला नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग ती खुर्ची ओढून त्याच्या बाजूला आली आणि लिहायला लागली. चौकोन काढला. वरची वाट केली, उत्तर मांडलं. खालची वाट केली, उत्तर मांडलं. वेगळी. प्रत्येक पायरीला तो मान हलवत होता. एके ठिकाणी त्यानं तिला थांबवून विचारलं, इथं आतलं सोबत का येत नाही? ते त्याला चांगलं माहीत होतं. तिनं समजावून सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून, बोटानं रेघेवर दाखवत. दुसऱ्या एका डोक्यातून ते बाहेर येताना तो ऐकत राहिला.

बायको चहा घेऊन आली तेव्हा दोघांची डोकी कागदावर वाकलेली होती. तिनं विचारलं, काय चाललंय गुरुशिष्यांचं? भिंगरीनं पेन खाली ठेवलं. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कागद उचलला, घडी घातली आणि हातात धरून ठेवला.

"काही नाही काकू," ती म्हणाली. "सरांना जरा समजावून सांगत होते."

बायकोनं कप तिच्यापुढे ठेवला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या लांबून येऊन अजून समजावत बसतेस, कोण करतं गं एवढं, ती म्हणाली, मग तो तिथं नाहीच अशा हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांना बरं वाटतं तेवढंच."

आणि ते खरं होतं. त्याला फार बरं वाटत होतं.